बँकवाल्या काकूंच्या समोरची बँक

कुणाचं चांगलं झालेलं बँकवाल्या काकूंना बघवत नसे. अशी माणसं पुष्कळ असतात, पण काकू ते तोंडावर सांगत. शेजारच्या कापड दुकानदाराने नवी गाडी घेतली तेव्हा काकू पायात चपला अडकवून खाली उतरल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, “लई झ्याक गाडी हाय. बघून लई जळले मी. आता पेढा दे.” दुकानदाराने हसत दोन पेढे दिले. पुढे कुणी गाडीबद्दल विचारलं की तो सांगायचा, “चांगलीच असणार. बँकवाल्या काकू जळल्यात तिच्यावर.”

मी काष्टीचा. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपलीकडे कुणी गेलं नव्हतं. मामा श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यात कामाला होता, म्हणून कॉलेजसाठी मी तिकडे गेलो, आणि मामाच्याच ओळखीने मला मेन रोडवर, बँकेच्या इमारतीत गच्चीवरची खोली मिळाली. खाली बँक, मधल्या मजल्यावर काकू आणि सगळ्यात वर मी. काकूंचे यजमान वारले होते, मुलगी पुण्याला दिलेली. इमारत काकूंची होती, म्हणून सारा मेन रोड त्यांना बँकवाल्या काकू म्हणे. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी गावाच्या नावाने हाक मारली आणि शेवटपर्यंत तीच ठेवली. “ए काष्टी, जेवलास का?”

या जेवणावरूनही त्यांचा हेवा चाले, आणि तो थेट माझ्या आईशी. महिन्या-दोन महिन्यांनी आई पॅसेंजरने यायची, सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी. काकू चटणी चाखून म्हणायच्या, “तुझी आई सुगरण हाय, मान्य. पर आता माझं पिठलं खा अन् खरं सांग.” मी गावी गेलो की आई चुलीपुढून विचारायची, “त्या बाईचं पिठलं बरं का माझं?” दोघींच्या मध्ये मी चांगला पोसला गेलो. आज ताटावर बसताना दोघींची आठवण येते, आणि उत्तर अजून देता येत नाही.

इमारतीचा इतिहास काकू जिन्यात बसून सांगत, शेंगा फोडता फोडता. ती त्यांच्या सासऱ्यांनी कापसाच्या आडतीसाठी बांधली. खाली गासड्या, वर घर. पुढे सगळीकडे ऊस झाला, कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या, आणि सासऱ्यांनी खालचा मजला गावातल्या व्यापाऱ्यांनी काढलेल्या एका छोट्या बँकेला दिला. काही वर्षांनी ती बँक एका मोठ्या बँकेत गेली, मग ती मोठी बँक तिच्याहून मोठीत. प्रत्येक वेळी पाटी उतरली, नवी चढली. उतरलेली पाटी काकू मागून घेत. पहिल्या बँकेची पाटी सागवानी होती. तिला पाय लावून काकूंनी टेबल केलं होतं, आणि तेच माझ्या खोलीत होतं. नाव कोरून त्यात पिवळा रंग भरलेला. पेन त्या अक्षरांच्या खाचेत सारखं अडकायचं. दुसरी पत्र्याची पाटी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून होती. मी एकदा विचारलं, “काकू, या पाट्या कशाला ठेवल्या?” त्या म्हणाल्या, “मालक बदलतात रे. मालकीन न्हाई बदलली, ते ध्यानात राहावं म्हनून.”

खाली बँकेत, भिंतीत, स्ट्राँगरूम म्हणजे तिजोरीची खोली होती. तिचं लोखंडी दार रेल्वेने आलं होतं. स्टेशनवरून बैलगाडीवर घालून, पुढे-मागे हमाल, असं ते मेन रोडने आणलं तेव्हा दुकानं बंद करून लोक बघायला उभे राहिले होते. “मी त्याच आठवड्यात लग्न होऊन आले हुते,” काकू सांगत. “नवी नवरी बघायला कोन आलं न्हाई. समदी खाली दार बघत हुती. माझ्यापरीस त्याचीच वरात मोठी निघाली.” इतक्या वर्षांनीही हे सांगताना त्यांचा आवाज जरा चिडका व्हायचा. पण त्या दाराचा मान त्यांच्याकडेच होता. लक्ष्मीपूजनाला बँकेत दाराची पूजा होई आणि पहिलं कुंकू इमारतीच्या मालकिणीने लावायचं, असा रिवाज पडला होता. मॅनेजर स्वतः जिना चढून बोलवायला येत. काकू तयार होऊन बसलेल्या असत, तरी म्हणत, “थांबा, आवरते.”

काकूंच्या सगळ्या हेव्यांचं मूळ गाव रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथे त्यांच्या धाकट्या जाऊबाई, सुमनकाकू, राहायच्या. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाला ही बांधलेली इमारत आली आणि धाकट्याला समोरची मोकळी जागा. “मोकळी जागा तिच्या वाट्याला गेली तवा मी देवाला नारळ फोडला हुता,” काकू सांगत. पुढे त्याच मोकळ्या जागेवर, मी कॉलेजात असताना, तीन मजली इमारत उठली. काचेच्या खिडक्या, तळघरात गाड्या लावायला जागा, आणि मेन रोडवरची पहिली लिफ्ट. काकू गॅलरीत उभ्या राहून एकेक मजला चढताना बघत. “स्लॅब पडला आज,” त्या मला सांगत. “जेवन गेलं न्हाई.” दोघी जावा एकमेकींशी फक्त लग्नाकार्यात बोलत, तेही पंगतीत शेजारी बसवलं तर.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा बँकेत कॉम्प्युटर यायचे ठरले. त्यांना थंड, कोरडी खोली हवी होती, वायरिंग नवीन हवं होतं, बाहेर गाड्यांना जागा हवी होती. हे सगळं समोर तयार होतं. काकूंनी मॅनेजरला विचारलं, “इतकी वर्सं मानसं पंख्याखाली बसली. आता यंत्राला एशी पायजे म्हनून घर मोडता व्हय?” मॅनेजर भला माणूस होता, तो खाली मान घालून म्हणाला, “काकू, वरून आलंय.” एका रविवारी बँक रस्ता ओलांडून गेली. काउंटर, कपाटं, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ. दाराला मात्र गवंडी लावून पाहिलं तरी ते निघेना. काढायचं तर भिंतच खाली आली असती. ते सोडून गेले. काकू गॅलरीतून म्हणाल्या, “वरातीनं आलेलं हाय ते. असं हमालामागं जाईल व्हय?”

त्या दिवाळीला मॅनेजर समोरचा जिना चढले. सुमनकाकू नवी पैठणी नेसून खाली उतरल्या. काकूंनी ते सगळं पाहिलं, मग पूजेचं ताट घेतलं, मला बॅटरी घ्यायला लावली, आणि खालच्या रिकाम्या हॉलचं कुलूप उघडून त्या दाराला कुंकू लावलं. हॉलमध्ये फरशीवर काउंटरच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. वर आल्यावर त्यांनी देवाचं काही विचारलं नाही. विचारलं ते असं, “ती किती येळ हुती रं आत?”

“झाली असतील पंधरा-वीस मिनिटं.”

“मला पाचच लागायची,” त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, “काष्टी, आता लोक तिलाच बँकवाली म्हनत्याल न्हाई?”

त्यांची भीती ही होती. भाडं काय, दुसरं कुणीही दिलं असतं. पण सासरच्या गावात त्यांना दुसरं नावच नव्हतं. कुणाची सून म्हणून आल्या, तर सगळे दार बघत होते. कुणाची बायको म्हणाव्या, तर यजमान लवकर गेले. बँकवाली हेच काय ते त्यांचं होतं, आणि ते हमालांच्या पाठीवरून रस्त्यापलीकडे गेलं, असं त्यांना वाटे.

मी बी.कॉम. झालो. काळा झगा आणि टोपी घालून काढलेला फोटो घेऊन आधी मामाकडे गेलो, मग काकूंकडे. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, “सातवीत माझी शाळा सुटली. गुरुजी घरी आले हुते, हिला पुढं शिकवा म्हनून. बापानं चहा पाजून लावून दिलं त्यास्नी.” मग फोटो माझ्या हातात देत म्हणाल्या, “आज तुझ्यावर जळले रं काष्टी. लई जळले.”

मला वाईट वाटलं असावं असं त्यांना वाटलं. त्यांनी समजावलं, “कौतुक कुनीबी करतं. तोंडावर गोड बोलाया काय लागतं? कुनी जळलं की समजायचं, आपल्यापाशी खरंच काही हाय.” माझ्या पदवीचं एवढं मोठं प्रमाणपत्र मला विद्यापीठानेही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटोची एक प्रत मागून घेतली आणि यजमानांच्या फोटोशेजारी लावली.

त्यांच्याच टेबलावर अभ्यास करून मी बँकेची परीक्षा पास झालो. नेमणूक मराठवाड्यात झाली, मग विदर्भात, मग पुन्हा मराठवाड्यात. अधूनमधून फोन करायचो. खालच्या मजल्याची हकिकत त्यांच्याकडून कळे. आधी एक पतसंस्था आली, तिने लाल गालिचा अंथरला आणि काही वर्षांत गुंडाळला. मग साड्यांचं दुकान आलं. त्यांनी स्ट्राँगरूममध्ये भारीतले शालू ठेवले, आणि नवऱ्या मुली त्या लोखंडी दारातून आत जाऊन शालू निवडू लागल्या. ते काकूंना आवडायचं. “आता दारबी बघत्यात अन् नवरीबी बघत्यात,” त्या म्हणायच्या. साड्यांनंतर दोन तरुण पोरांनी तिथे कॅफे काढला. स्ट्राँगरूममध्ये दोनच खुर्च्यांचं टेबल टाकलं, आणि कॉलेजची मुलं त्यासाठी रांग लावू लागली. भाडेकरू कुणीही असो, काकूंची अट एकच: लक्ष्मीपूजनाला दार आमचं. पतसंस्थेची आणि साड्यांच्या दुकानाची पाटीही त्यांनी ठेवून घेतली होती.

पुढे माझी बदली श्रीरामपूरला झाली, अधिकारी म्हणून, त्याच बँकेत. म्हणजे समोर. रुजू व्हायच्या दिवशी पेढे घेऊन मी आधी काकूंकडे गेलो. आता त्या काठी टेकत चालत होत्या. पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, “साहेब झालास. पर गेलास शेवटी तिकडंच.”

समोर बसून मला एक गोष्ट कानांवर पडू लागली. खेड्यांतून येणारे लोक फोनवर एकमेकांना पत्ता सांगत, “अरे, बँकवाल्या काकूंच्या समोरची बँक!” रिक्षावाले तेच म्हणत. आमच्याच शिपायाने एकदा कुरिअरवाल्याला तसं सांगितलं. बँक सुमनकाकूंच्या इमारतीत येऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि पत्ता अजून रस्त्याच्या अलीकडचाच होता. मी धावत जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “मला बरं वाटावं म्हनून सांगतुयास. तुझा गुन चांगला हाय, तुझ्या आईवर गेलायस. पर मला कौतुक नगं.”

मग एक दिवस त्यांनी मागणं मागितलं. इतक्या वर्षांत पहिलंच. “बँक परत आन रं हिकडं. मी जायच्या आधी एक दिवाळी तरी.” मी वरिष्ठ आले तेव्हा त्यांना मुद्दाम काकूंच्या इमारतीत नेलं, कॉफी पाजली, दार दाखवलं. त्यांनी दारावर हात फिरवला, फोटो काढला आणि म्हणाले, “असं दार आता बनत नाही हो. पण गाड्या कुठे लावायच्या?” काकूंना जाऊन तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याला दार आवडलं न्हवं?” “फार आवडलं.” “मग ऱ्हाऊ दे,” म्हणून त्यांनी विषय मिटवला, पण त्या संध्याकाळी गॅलरीत आल्या नाहीत.

पुढे आमची बँकही आणखी एका बँकेत गेली. त्या बँकेचीही शाखा मेन रोडवर होती; एकाच रस्त्यावर दोन शाखा कशाला, म्हणून दोन्ही एक करून नेवासा रस्त्याला नव्या संकुलात हलवल्या. पुन्हा एक रविवार, पुन्हा कपाटं आणि खुर्च्या. सुमनकाकूंच्या इमारतीतली स्ट्राँगरूम नव्या पद्धतीची, पोलादी, सुटी होणारी होती. क्रेन लावून तीही ट्रकवर घातली. तिच्या जागी भिंतीत मोठा रिकामा चौकोन तेवढा राहिला. मी काकूंकडे पाहिलं. समोरची बँक जावी ही इतक्या वर्षांची त्यांची इच्छा पुरी होत होती, त्यांनी नारळ मागवला असता तर मला नवल वाटलं नसतं. त्या गॅलरीच्या कठड्याला धरून ट्रक वळेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सुमननं पैठणी घेतली असंल रं नवी, दिवाळीची. आता कुठं नेसंल?”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. “जा, तिला घेऊन ये. म्हनावं, माझं दार हाय अजून.” मी गेलो. सुमनकाकूही थकल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, “जाऊबाईंनीच बोलावलंय न्हवं? तू तुझ्या मनानं तर आला न्हाईस?” पैठणी खरंच नवी होती. मी हात धरून रस्ता ओलांडवला. कॅफेतल्या पोरांनी खुर्च्या बाजूला करून, दारापुढे रांगोळी काढून ठेवली होती. ऑर्डर देणारी दोन-चार कॉलेजची मुलं उभी राहून बघत होती.

काकूंनी ताट पुढे केलं. “लाव तू.”

सुमनकाकूंनी कुंकवात बोट बुडवलं आणि दाराच्या बरोबर मधोमध ठसठशीत टिळा लावला. काकूंचा चेहरा बदलला. मान त्यांनी दिला होता, पण मधली जागा दिली नव्हती. “सारी जागा घेतलीस की गं,” त्या पुटपुटल्या. “मी कुठं लावू?”

“तुमाला काय कमी हाय जाऊबाई?” सुमनकाकू एकदम म्हणाल्या. “एवढी वर्सं बँक माझ्या घरात हुती. कुनी एकानं मला बँकवाली म्हनलं न्हाई. तुमच्या समोरची बँक म्हनायची समदी. मला काय म्हनत्यात ठावं हाय? लिफ्टवाली! अन् ती लिफ्ट तरी कुठं चालती? लई जळायची मी तुमच्यावर. आमचं मालक हुतं तवा त्यास्नी म्हनलं हुतं मी, इमारत इका पर हितनं चला.”

मागे कॉफीचं यंत्र फुसफुसलं. काकू काठीवर भार देऊन जावेकडे बघत राहिल्या. मी तेच त्यांना सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. आता सांगणारी जळत होती, आणि जळणाऱ्याचं त्या खरं मानत.

“मग आधी सांगायचंस की गं बाई,” काकू म्हणाल्या. “मी फुकट जळले की एवढी वर्सं.”

“तुमी कधी इचारलं?”

“तू तरी कवा आलीस?”

मग दोघी त्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी, स्ट्राँगरूममध्ये जाऊन बसल्या. पोरांनी कॉफी नेली. काकूंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “कडू हाय. चहा टाका.” त्यांचा चहा संपेपर्यंत बाहेरची रांग कुणी न सांगता थांबून राहिली.

त्यानंतर सुमनकाकू रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून येऊ लागल्या. दोघी गॅलरीत बसून मेन रोडवर कुणाकुणाचं चांगलं चाललंय ते बघत, आणि मिळून जळत. मी गेलो की दोघींचे आवाज जिन्यातूनच ऐकू येत. काकूंच्या म्हातारपणाचा शेवट त्यामुळे मोठा सुखाचा झाला, असं मला वाटतं.

काकू गेल्या तेव्हा मी दहाव्याला गोदावरीच्या काठावर उभा होतो. मुलगी रडत होती, मीही रडत होतो. पण सुमनकाकूंसारखं कुणी रडलं नाही. तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. काकूंनी माझ्यावर माया केली, पोटाला घातलं, माणसात आणलं, त्याची फेड या जन्मी व्हायची नाही. पण माझ्यावर त्या जळल्या असतील एखाद-दोन वेळा. सुमनकाकूंकडे त्या आयुष्यभर, रोज सकाळी उठल्या की, आधी बघत आल्या होत्या. एवढं कुणी कुणाला बघत नाही.

इमारत आता काकूंच्या मुलीच्या नावावर आहे आणि कॅफे जोरात चालतो. सागवानी पाटीचं ते टेबल मुलीने मला दिलं. माझी मुलगी त्यावर अभ्यास करते, आणि तिचंही पेन त्याच खाचेत अडकतं. या दिवाळीला मी सुमनकाकूंना रस्ता ओलांडवून दारापाशी नेलं. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, क्षणभर थांबल्या, आणि मधली जागा मोकळी ठेवून कडेला टिळा लावला.

“नीट मधोमध लावा की,” कॅफेतला पोरगा म्हणाला.

“ती तिची जागा हाय,” सुमनकाकू म्हणाल्या, आणि त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी असं काही हेव्याने रोखून पाहिलं की काकू असत्या तर खूश झाल्या असत्या.